अंगणात बसवलेला टर्बो

दादानं ते खोकं घरी आणलं, तेव्हा मी कारखान्यातली पहिली पाळी करून वाळूजहून नुकतीच आले होते. पडेगावला रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं घर. पुढं मोठं अंगण आणि अंगणात दादाची जीप. त्या जीपनं दादा शहरातून दौलताबाद, खुलताबाद, वेरूळकडं माणसं न्यायचा. त्यानं खोकं बाजेवर ठेवलं, सुतळी तोडली आणि म्हणाला, "आता घाट आपला."

खोक्यात टर्बोचं किट होतं. पुण्याकडच्या कुणा ट्रान्सपोर्टवाल्यानं आपल्या जीपसाठी मागवलेलं, पण बसवायच्या आधीच त्याची गाडी विकली गेली, म्हणून दादानं उचललं. मी कारखान्यात डिझेल इंजिनं तपासायच्या विभागात होते, त्यामुळं टर्बो मला अनोळखी नव्हता. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणजे डिझेल जास्त जळतं, म्हणजे ताकद जास्त. ट्रकांना तो तेव्हा यायला लागला होता. जीपला बसवलेला मात्र मी पाहिला नव्हता.

दादाला तो का हवा होता ते कळत होतं. दौलताबादचा किल्ला मागं पडला की घाट लागतो. लांब नाही, पण भरल्या गाडीचा जीव काढतो. आमची जीप जुनी. श्रावणात वेरूळच्या महादेवाला जाणाऱ्या बायका भरल्या की पहिल्या गिअरमध्येसुद्धा इंजिन रडायला लागायचं. मग दादा ओशाळून म्हणायचा, "मावशी, जरा उतरता का, वरच्या वळणापतोर?" बायका पूजेची ताटं सावरत चालत चढायच्या आणि दादा रिकामी गाडी वर नेऊन त्यांची वाट बघत बसायचा. स्टँडवर नव्या जीपा आल्या होत्या. गिऱ्हाईक आधी विचारायचं, "घाटात उतरावं लागंल का?" दादाला खोटं बोलता यायचं नाही.

क्रांती चौकाच्या मागं एका उस्तादांचं गॅरेज होतं. दुसऱ्या दिवशी दादाबरोबर मीही गेले. उस्तादांनी टर्बो हातात घेतला, बोटानं चाक फिरवलं, कानाशी नेलं.

"बैठाने को क्या है, बैठ जाएगा," ते म्हणाले. "लेकिन गॅरंटी नहीं. तुम्हारा इंजन अंदर से कैसा है, मेरेकू क्या मालूम?"

"मग आधी तपासून घेऊ की," मी म्हणाले.

"तपासनेकू टाइम लगता बेटा. तुम्हारे भाईकू तो परसों गाडी होना."  उस्ताद माझ्याकडं वळले. "और एक बात सुनो. चढ तो जाएगी. उतरेगी कैसी?"

तो माणूस सरळ होता. जे कबूल करता येत नाही ते त्यानं कबूल केलं नाही. पण परतताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. गाडी आमची, त्यात बसणारी माणसं आमच्या भरवशावर बसणार, आणि गॅरंटी कुणाचीच नाही. असं असेल तर काम आपल्याच हातानं व्हायला पाहिजे. निदान कुठं काय केलं ते तरी आपल्याला ठाऊक असेल.

घरी आल्यावर मी म्हणाले, "आपणच बसवायचा."

"आपण म्हंजी कोण?"

"मी आणि माझी मैत्रीण."

दादा हसला. मग मी हसत नाही हे बघून थांबला. "कंपनीत इंजिन टेबलावर असतंय. खाली झोपून, तोंडावर तेल घेऊन काम करायचंय हे. तुला जमंल?"

"नाय जमलं तर उस्ताद हायेतच."

आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. पहिल्या दिवशी शिक्षकांनी आम्हाला शिवणकामाचा वर्ग पलीकडं आहे म्हणून सांगितलं होतं. ती उठली नाही, म्हणून मीही उठले नाही. पुढं दोघींना एकाच कारखान्यात काम लागलं. ती भीमनगरला राहायची. मूळची परभणीकडची. ती लहान असताना विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जी जाळपोळ झाली, तीत त्यांचं घर गेलं. आई-वडील चार भांडी घेऊन शहरात आले ते कायमचे. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही कंपनीच्या बसमध्ये, खिडकीबाहेर बघत.

आमचं घर धनगराचं. वाळूजला जिथं आता कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसतात, त्या माळावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं चारली. माळ गेला, मग मेंढरं गेली, आणि अण्णा अंगणात बाजेवर येऊन बसले. कारखान्यात मला काम लागलं तेव्हा ते एकदा फाटकापर्यंत आले, आत नजर टाकली आणि म्हणाले, "हितं चांगलं गवत व्हायचं." रागानं नाही, नुसतंच.

मैत्रिणीला मी जेवणाच्या सुटीत किटबद्दल सांगितलं. नामांतराचा प्रश्न तेव्हा पुन्हा तापला होता. मोर्चे, बंद, गुलमंडीच्या बाजारात दुपारीच खाली येणारी शटरं. आमच्या कॅन्टीनमधली टेबलंसुद्धा न सांगता वेगळी झाली होती. आम्ही दोघी मात्र आमच्याच जागेवर बसायचो. तिनं डबा बाजूला सारून विचारलं, "इंजिनाचं कॉम्प्रेशन बघितलं का?"

"नाही."

"मग टर्बोचं काय बोलतेस? ज्याला धड श्वास घेता येत नाही, त्याच्या तोंडात हवा कोंबणार?"

रविवारी ती लूनावर आली. पिशवीत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात भरणारा दाब, मोजायचा गेज होता, कारखान्यातल्या साहेबांना विचारून आणलेला. अण्णांना "काका, नमस्कार" म्हणाली, ओढणी कमरेला बांधली आणि कामाला लागली. इंजिन गरम करून एकेक सिलिंडर तपासला. तीन ठीक होते, चौथ्यात दाब कमी भरला. मी पुन्हा मोजला. तेवढाच.

"हेड खोलायला लागंल," ती दादाला म्हणाली.

"म्हंजी गाडी उभी."

"उभी."

दादानं माझ्याकडं बघितलं. गाडी उभी राहणं म्हणजे घर अडून राहणं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. माझा पगार होता, पण वहिनी, पोरं, अण्णा, सगळे त्या जीपच्या चाकांवरच होते. मी म्हणाले, "दादा, हा सिलिंडर असाच ठेवून टर्बो बसवला तर एखाद्या घाटात इंजिनच जाईल. तेव्हा गाडी कायमची उभी राहील. ठरव."

तो उठून जीपभोवती एक चक्कर मारून आला. "खोला," म्हणाला.

त्याच सुमाराला दोन-तीनदा शहर बंद राहिलं. रस्त्यावर तशीही गाडी काढता येत नव्हती. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरलं. व्हॉल्व्ह बसायच्या जागा खाल्लेल्या होत्या, त्या घासून आणल्या. नवं गॅस्केट आणलं. मैत्रीण पाळी बघून कधी दुपारी यायची, कधी सुटीच्या दिवशी. वहिनी चहा आणायची. पहिल्या दिवशी तिनं मैत्रिणीला वेगळ्या कपात दिला. मी बघितलं, मैत्रिणीनंही बघितलं. दुसऱ्या खेपेला मी तो कप आधीच उचलून स्वतः प्यायला घेतला. तिसऱ्या खेपेपासून वहिनीनं सगळे कप सारखे आणले. त्यावर कुणी काही बोललं नाही.

बोलले ते पाटील. खुलताबादच्या पलीकडचे मोठे बागाईतदार, दादाचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीच्या लग्नाला दादाची गाडी ठरलेली होती. गाडी कुठवर आली ते बघायला आले, तेव्हा मैत्रीण जीपखाली होती आणि मी वरून तिला पाना देत होते. पाटलांनी पाणी घेतलं, दादाला फाटकाकडं नेलं, बराच वेळ बोलले आणि गेले.

संध्याकाळी मैत्रीण गेल्यावर दादा म्हणाला, "एक काम कर. उरलेलं काम तिच्याकडं नायतर कंपनीजवळ कुठंतरी कर. हितं नको."

"का?"

"पाटलाला पटंना. म्हन्ले, आजकाल वातावरण कसं हाय, आन तुमी घरात घेताव. स्टँडवर पण बोलायलेत. नंबर लावू देनार नायत." त्याचा आवाज पडलेला होता. "मला काय वाटत नाय गं. पण मला रस्त्यावर धंदा करायचाय."

 दादा वाईट माणूस नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मी म्हणाले, "ती येईल तर हितंच येईल, दिवसा येईल. नायतर मी हा टर्बो खोक्यात भरून ठेवते आणि गाडी आहे तशी जोडून देते. चालव मग पुन्हा, घाटात बायकांना पायी चढवत."

"आगं, लग्नाची गाडी हाय..."

"असू दे."

अण्णा बाजेवर आडवे होते. ते उठून बसले. आमच्या घरात ते फारसं बोलत नसत.

"म्या पाटलाच्या रानात लई वर्सं मेंढरं बसवली," ते म्हणाले. "खत त्यांच्या रानाला. मोबदल्यात धान्य द्यायचे, नाय म्हनत नाय. पर भाकर बांधावरच ठेवायचे. वाड्याच्या उंबऱ्याच्या आत मला कुनी ये म्हन्लं नाय. मी पन कदी गेलो नाय. आता माज्या अंगनात कुनी यावं ते बी त्येंनीच ठरवायचं व्हय?"

दादा खाली मान घालून बसला.

"पोरगी हात काळे करती, काम करती," अण्णा म्हणाले. "येऊ दे तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये मैत्रिणीनं शेजारी बसता बसताच विचारलं, "काल ते पांढऱ्या टोपीवाले माझ्याबद्दल बोलत होते ना? मी येऊ का नको ते सांग. फिरवून सांगू नको."

"ये," मी म्हणाले. "अण्णांनी सांगितलंय."

"आणि दादा?"

"दादा ऐकेल."

"ऐकेल नको. त्यांना स्वतः म्हणू दे."

 त्या रविवारी ती फाटकाशी लूना लावून उभी राहिली, आत आली नाही. दादा जीपजवळ होता. त्यानं दोन वेळा घसा खाकरला. "या की ताई," म्हणाला. "पाईप धरायला मी हाये." तेव्हा ती आत आली. पाटलांना त्यानं गाडी मिळणार नाही असा निरोप धाडला. पाटलांनी दुसरी गाडी केली, आणि पुढं कधीच आमची गाडी सांगितली नाही.

टर्बो बसवायचं काम किचकट होतं. धुराच्या वाटेवर तो बोल्टांनी आवळायचा. त्याच्या दांड्याला इंजिनातलं तेल पोचवणारी एक बारीक नळी, आणि तेच तेल परत खाली तेलाच्या टाकीत सोडणारी एक जाड नळी. टाकीला त्यासाठी भोक पाडायचं होतं. ते पाडायला मी धजत नव्हते. एकदा भोक पाडलं की माघार नाही. मैत्रिणीनं टाकी उतरवली, खूण केली आणि ड्रिल माझ्या हातात दिलं. "तुझी गाडी आहे," म्हणाली. मी पाडलं.

दादा नळी धरून बसला होता. त्याच्या मनात बरेच दिवस होतं ते त्यानं तेव्हा विचारलं. कुचेष्टेनं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. "ताई, रागावू नका. पर इद्यापीठाला नाव दिलं तर पोटाला काय मिळनार? येवडं सगळं कशाला?"

ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "दादा, माझ्या आज्याला गावात कुणी उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही. जातीचं नाव घ्यायचे, नायतर 'ए' म्हणायचे. आजीला सुद्धा त्याचं नाव चारचौघांत ऐकायला मिळालं नाही. नावानं पोट भरत नाही, हे आम्हाला माहीत नाही का? पण ज्यांना नाव कायम मिळत आलं, त्यांना त्याची भूक काय कळणार?"

दादानं नळी जागेवर धरून पाना उचलला. मग म्हणाला, "आवळू का हे?"

"आवळा. दमानं."

उस्तादांचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. म्हणून टर्बो सुरू करायच्या आधी चारी चाकांचे ब्रेक खोलून नवे भरले. दादा कुरकुरला, पण ते काम त्यानंच केलं.

मग तो दिवस आला. आधी डिझेल बंद ठेवून नुसतं इंजिन फिरवलं, म्हणजे टर्बोपर्यंत तेल पोचेल. मग सुरू केलं. एक बारीक शिट्टीसारखा आवाज आला. दादाच्या तोंडावर हसू आलं आणि तेवढ्यात मागून निळा धूर. साधा नाही, सगळं अंगण भरून गेलं. वहिनी पोरांना घेऊन रस्त्यावर पळाली. शेजारी बघायला आले. एक जण मोठ्यानं म्हणाला, "बायकांनी गाडी जाळली की!"

मी इंजिन बंद केलं.  इतके दिवस गाडी उभी, लग्नाचं गिऱ्हाईक गेलं, दादानं माझ्या शब्दावर सगळं सोडलं, आणि हे. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं आलं असं म्हणता आलं असतं.

मैत्रीण जीपखाली शिरली. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाली, "इकडं ये. बघ."

परत जाणारी जाड नळी आम्ही बसवली होती, पण मधे तिला जरासं पोट आलं होतं. तेल खाली उतरायच्या ऐवजी तिथं साचत होतं आणि टर्बोतच तुंबून धुराच्या वाटेत झिरपत होतं. टर्बो ठीक होता, इंजिन ठीक होतं. नळी आखूड करून तिला सरळ उतार द्यायचा होता, एवढंच. दादानं नवी नळी आणली. आम्ही ती कापली, बसवली, खालून हात फिरवून उतार बघितला. मैत्रिणीनं बघितल्यावर मी बघितला, मी बघितल्यावर दादानं. पुन्हा सुरू केलं. आधीचं राहिलेलं तेल जळेपर्यंत धूर आला, मग विरळ झाला, मग गेला. राहिली ती बारीक शिट्टी. मघाचा तो शेजारी कधीच घरात गेला होता.

घाटात माणसं न्यायच्या आधी आम्ही वाळूची पोती भरली, माणसांच्या वजनाची. दादा चालवायला, मी त्याच्या शेजारी काट्यांवर नजर ठेवायला, मागं पोत्यांवर मैत्रीण. निघायच्या वेळी अण्णा आले आणि कुणाला न विचारता मागं चढले.

किल्ला मागं पडला. घाट लागला. दादानं सवयीनं पहिला गिअर टाकला. मी म्हणाले, "दुसरा टाक." त्यानं टाकला. इंजिन क्षणभर दबलं, मग ती शिट्टी चढली आणि गाडीनं रेटा घेतला. मागं कुणीतरी हात आपटला, तो अण्णांचा होता. तापमानाचा काटा वर सरकला आणि थांबला. दादा ज्या वळणावर बायकांची वाट बघत बसायचा ते वळण आलं आणि मागं पडलं. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता, म्हणून मी ओढणीच्या टोकानं पुसलं.

"रडू नको, समोर बघ," मी म्हणाले. मागून मैत्रीण खदखदून हसली.

वर थोडं थांबलो. दादा किल्ली फिरवायला गेला तसा मैत्रिणीनं मागून वाकून त्याचा हात धरला. "लगेच बंद करायचं नाही. टर्बो गरम असतो, जरा नुसतं चालू राहू द्या." मग उतार. ब्रेक नीट लागले. खाली दौलताबादला चहा घेतला, चौघांनी एकाच बाकावर बसून.

स्टँडवर दादाला पहिल्यांदा नंबर लावू दिला नाही. तो रोज जाऊन उभा राहायचा. शेवटी गिऱ्हाईकच त्याची गाडी शोधत येऊ लागलं, कारण घाटात उतरावं लागत नव्हतं. त्यानं जास्तीची माणसं कोंबणं बंद केलं, ही माझी अट होती. ती त्यानं बहुतेक वेळा पाळली.

पुढं जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. त्या दिवशी सकाळी दादा जीप धुऊन तयार होता. "भीमनगरला जाऊन येतो," म्हणाला. मैत्रिणीची आई, वडील, शेजारपाजारच्या म्हाताऱ्या बायका, सगळ्यांना घेऊन तो विद्यापीठाच्या कमानीकडं गेला. मीही होते. गर्दी एवढी, की गाडी बरीच अलीकडं थांबवावी लागली. मैत्रिणीची आई कमानीकडं बघत उभी राहिली.  मैत्रीण मात्र घोषणा देऊन देऊन आवाज बसेपर्यंत ओरडली. दादा गाडीजवळ थांबून होता. परतल्यावर त्यानं म्हाताऱ्यांना हाताला धरून वर चढवलं.

त्या टर्बोनं काही वर्षं चांगलं काम केलं. मग त्याचं आतलं तेल अडवणारं सील गेलं. तोवर बाजारात कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेल्या जीपा मिळायला लागल्या होत्या, आणि दादानं जुनी जीप विकून तशी एक घेतली. मैत्रिणीला कारखान्यात बढती मिळाली, इंजिन तपासणीच्या एका पाळीची ती प्रमुख झाली. मी काही वर्षांनी नोकरी सोडली आणि पडेगावलाच पंप आणि टर्बो दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. उस्तादांनी माझ्याकडं कामं पाठवली. आजही कुणी किट घेऊन आलं आणि "मी घरी बसवू का" विचारलं, तर मी नाही म्हणत नाही. आधी गेज आणून चारी सिलिंडर मोजते.